शंका असेल तर

...एक दाणा बाहेर आला होता. पिवळ्या रुमालाच्या टोकाला बायकोने शिवून दिलेली ती लिंबाएवढी गाठ, तिची शिवण एका अंगाने उसवली होती आणि त्या फटीतून मक्याचा एक दाणा अर्धा बाहेर येऊन बसला होता. डेल्मरने तो अंगठ्याने आत दाबला. तो पुन्हा बाहेर आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. मग, बस बाबा तिथेच, असं म्हणून त्याने रुमाल डॅशबोर्डवर ठेवला — ठेवायचाच होता, पण पंचगिरीची एकोणीस वर्षांची सवय, मनगट आपोआप वळलं आणि रुमाल काचेवर आपटून खाली घरंगळला. सोमवार, सकाळचे साडेआठ. रुमाल खरं तर पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाबरोबर धुण्यात पडायला हवा होता. शनिवारी कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची मॅच संपल्यावर तो खिशात कोंबला तो कोंबलाच. रविवारी चर्चमध्ये कोटाच्या खिशात हाताला लागला, आणि आज कामाच्या गाडीत निघाला. गुन्हा दिसला की पंच रुमाल मैदानात टाकतो, आणि प्रत्येक पंच गाठीत आपापलं काहीतरी भरतो, कोणी वाळू, कोणी छर्रे, रुमाल वाऱ्यावर उडू नये, जिथे गुन्हा झाला तिथेच पडावा म्हणून. नडीन मका भरते. एकदा पावसातल्या मॅचनंतर ओला रुमाल आठवडाभर बॅगेत राहिला आणि एका दाण्याला चक्क मोड आला, तेव्हा दोघं नवराबायको स्वयंपाकघरात उभ्या उभ्या किती हसली होती. हल्ली हसायचंसुद्धा जिवावर येतं.

पेट्रोलपंपावर गाडी लावून तो खाली उतरला. नोव्हेंबरचं ऊन होतं, म्हणजे नुसता उजेड. मागच्या बाजूने त्याने मापाचं भांडं काढलं — पाच गॅलनचं, स्टीलचं, अरुंद गळ्याचं, गळ्यावर काचेची पट्टी आणि पट्टीवर शून्याची रेघ. राज्याचा वजनमापे निरीक्षक. आयोवाच्या या पूर्वेकडच्या तीन तालुक्यांतले सगळे पेट्रोलपंप आणि दुकानातले तराजू बावीस वर्षं त्याच्या हाताखालून गेलेत. पंपाची नळी भांड्यात सोडायची, आकडा बरोबर पाचवर आणायचा, फेस बसू द्यायचा, आणि मग गुडघ्यावर बसून डोळा रेघेच्या बरोब्बर समोर आणून वाचायचं. सहा घन इंच इकडे की तिकडे, चालतं. त्यापलीकडे गेलं तर पंपाला लाल चिकटपट्टी, पंप बंद. आणि शंका आली तर? शंका आली तर भांडं रिकामं करायचं आणि पुन्हा भरायचं. दहा वेळा भरा, कोणी नाही म्हणत नाही. पेट्रोल परत जमिनीखालच्या टाकीत जातं, कोणाचं काही जात नाही, पंप तोंड वर करून बोलत नाही... तीन नंबरचा पंप जरा कमी देत होता. चार घन इंच. त्याने भांडं रिकामं केलं आणि पुन्हा भरलं. पुन्हा चारच.

शनिवारी पुन्हा भरायची सोय नव्हती. मध्यंतरानंतरची पहिलीच खेळी. लांबवर फेकलेला चेंडू, तो झेलायला मधोमध उंच उडालेला आठ नंबरचा पोरगा, आणि समोरून त्याच्यावर सुटलेला एकतीस नंबर, कीगन प्रूइट. डेल्मर मागच्या फळीचा पंच, बारा-पंधरा पावलांवर. कडाड आवाज झाला, आठ नंबर पाठीवर पडला, चेंडू सुटून गेला आणि गवतावर पिवळा रुमाल पडलेला होता. हेल्मेटच्या टाळूने समोरच्याच्या डोक्यावर नेम धरून धडक मारली की पंधरा यार्डांचा दंड आणि मारणारा मैदानाबाहेर. नियम चांगला आहे. आणायलाच हवा होता, उशिराच आणला. मोठ्या कॉलेजांच्या मॅचला वर काचेच्या खोलीत माणसं बसलेली असतात, बारा कॅमेऱ्यांतून बघतात आणि पंच चुकला असेल तर दोन मिनिटांत निस्तरतात. या छोट्या कॉलेजांच्या लीगला छपरावरचा एक कॅमेरा, तोही वाऱ्याने हलतो. इथे पंचाने पाहिलं ते पाहिलं. आठ नंबर मिनिटभराने उठला, चालत बाहेर गेला, रविवारी डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. म्हणजे त्याचं मिटलं. प्रूइटचं मिटलं नाही, कारण नियमाची दुसरी ओळ अशी आहे की गुन्हा पहिल्या हाफमध्ये झाला तर शिक्षा त्या मॅचपुरती, दुसऱ्या हाफमध्ये झाला तर पुढच्या मॅचचा पहिला हाफही बाहेर बसायचं. एकच पोरगा, एकच धडक, मध्यंतराच्या चाळीस सेकंद आधी झाली असती तर शनिवारचं शनिवारीच संपलं असतं. आणि पुढची मॅच ही शेवटची. पोरगा चौथ्या वर्षाचा. या कॉलेजांतल्या पोरांची पुढे कुठला मोठा संघ वाट बघत नसतो. येत्या शनिवारी संध्याकाळी ती खांद्यावरची पॅडं उतरवतात ती कायमची. त्या शेवटच्या मॅचमधला अर्धा भाग डेल्मरने घेतला होता.

रुमाल पडल्यावर पोरगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. ओरडायचं काम त्याच्या कोचने मनापासून केलं. पोराने फक्त हेल्मेट काढलं, कपाळावरचे ओले केस मागे केले आणि म्हणाला, "सर, मी डोकं बाजूला घेतलं होतं." एवढंच. जणू डेल्मरचा काहीतरी गैरसमज झालाय आणि तो आत्ता, दोन माणसांत, समजुतीने दूर होईल. मग वळला आणि मैदानाबाहेर जायच्या बोगद्याकडे चालायला लागला.

"काय रे, ठेवतोस का पंप, की काढतोस मैदानाबाहेर?" काउंटरमागून अर्लीन म्हणाली. स्टेशन तिचंच, नवरा गेल्यावर एकटीने चालवलेलं. वय सत्तरीचं, आवाज लाउडस्पीकरचा. कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफी पीत बसलेल्या दोघा शेतकऱ्यांनी माना वर केल्या. ते याचीच वाट बघत असणार.

"तीन नंबरचा जरा कमी देतो," डेल्मर कागद भरत म्हणाला. "पण हद्दीत आहे."

"हद्दीत म्हणजे?"

"म्हणजे चालेल."

"अस्सं. पंपाला चालतं, पोरांना चालत नाही."

"जपून बोल, अर्लीन," टेबलावरचा एक जण म्हणाला. "रुमाल टाकेल तो. म्हणेल, बोलताना तुझं डोकं खाली होतं."

"टाकू दे. मला तरी कुठे शनिवारी खेळायचंय."

डेल्मर हसला, हसायलाच हवं होतं म्हणून. एकोणीस वर्षांत अंगावर शिव्या, बर्फाचे गोळे आणि एकदा अख्खा हॉटडॉग झेललेल्या माणसाला एवढ्याने काय व्हायचंय. त्याने कागद फाडून तिच्यासमोर ठेवला. अर्लीनने सही केली, पण पेन लगेच परत दिलं नाही.

"माझी नात त्याच कॉलेजात आहे," ती हळू म्हणाली, म्हणजे तिच्या मानाने हळू. "शनिवारी चौथ्या वर्षाच्या पोरांच्या आया मैदानात येतात. पोराचा हात धरून मधोमध चालत जायचं, फूल घ्यायचं, फोटो काढायचा. आणि मग पहिल्या खेळीला चौथ्या वर्षाचीच पोरं उभी करतात, चांगली खेळोत की वाईट. तुला काय सांगायचं म्हणा, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"प्रूइटची आई डेव्हनपोर्टहून येते. एक मॅच चुकवलेली नाही बाईने. ती शनिवारी त्याला मध्यापर्यंत नेणार आणि तिथून आणून बाकावर बसवणार."

"नियम आहे, अर्लीन."

"नियम मला कळतो. मी एवढंच विचारते, त्याने डोक्याने मारलं हे तुला नक्की वाटतं ना?"

"रुमाल पडला म्हणजे पडला."

"मी रुमालाचं नाही विचारलं," ती म्हणाली आणि पेन परत दिलं.

गाडीत बसल्यावर फोन वाजला. ह्यू किलबर्न, लीगच्या पंचांचा प्रमुख. एकेकाळी उत्तम पंच होता, आता उत्तम फोन करतो.

"झोप झाली का?" ह्यूने विचारलं.

"झाली."

"खोटं बोलतोस. ऐक. प्रूइटच्या कॉलेजने फेरतपासणी मागितलीय. फिल्म मी वर पाठवली होती. वरचे म्हणतात, फिल्मवरून काही सांगता येत नाही. ऐन धडकेला त्यांच्याच पंधरा नंबरची पाठ मध्ये येते."

"येते."

"म्हणजे ठरणार ते तुझ्या चार ओळींवर. पाचपर्यंत पाठव. काय पाहिलंस ते लिही आणि मोकळा हो. आणि शंका जरी असली —"

"शंका असेल तर गुन्हा," डेल्मर म्हणाला.

"पुस्तकातच आहे. तू-मी नाही लिहिलेलं. पोरांची डोकी कामातून जायला लागली म्हणून लिहिलंय. शंभरातली दोन पोरं उगाच बाहेर बसली तर बसू देत, अठ्ठ्याण्णवांची डोकी शाबूत राहतात."

"त्या दोघांना कोण सांगतं हे?"

"कोणी सांगत नाही. ती मोठी होतात." फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. "बुधवारी प्लेऑफच्या, बाद फेरीच्या पंचांची यादी लावतोय. तुला एकोणीस वर्षं झाली ना रे? तुझं नाव वर आहे. तेव्हा चार ओळी. कादंबरी लिहू नकोस."

फोन ठेवल्यावर तो गाडी सुरू न करता बसून राहिला. ह्यू काही चुकीचं बोलला नव्हता, पंचाईत तीच होती. कोर्टात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, पंपालासुद्धा सहा घन इंचांचा मिळतो, आणि इथे शंका म्हणजेच निकाल — ऑगस्टच्या शिबिरात नव्या पंचांना हे वाक्य तोच शिकवायचा, फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून. एखादा नवशिका हात वर करून विचारायचा, हे न्यायाचं आहे का, आणि डेल्मर म्हणायचा, न्यायाचं नाही, सुरक्षेचं आहे, वर्ग हसायचा आणि पुढचा मुद्दा. बरं वाटायचं तेव्हा. सगळा भार त्या एका वाक्यावर टाकून आपण मोकळे. आज ते वाक्य पाठीला टेकायला घेतलं की टोचत होतं.

दुपारपर्यंत त्याने आणखी दोन पंप आणि एका किराणा दुकानातले चार तराजू केले. मग नदीकाठी, धान्याच्या उंच कोठारापाशी गाडी लावून सँडविच उघडलं आणि फोनवर ती फिल्म लावली. एक्केचाळिसावी वेळ, की बेचाळिसावी. रविवारी दुपारभर हेच चाललं होतं. नडीन घड्या घातलेले कपडे घेऊन दोनदा खोलीतून गेली, तिसऱ्यांदा नुसतं, "अजून तेच?" म्हणाली, आणि तो हो म्हणाला. तिला ते सांगितलं नाही. ते म्हणजे असं की पहिल्या वीसेक वेळा तो सगळ्यांसारखा त्या पोरांकडेच बघत होता, एकतीस नंबर येतो, पंधरा नंबर मध्ये येतो, आठ नंबर पडतो. आणि मग कधीतरी, डोळे थकल्यामुळेच असेल, नजर चित्राच्या कडेला गेली. तिथे एक पट्ट्यापट्ट्यांचा माणूस उभा होता. लहानसा, जरा पोट सुटलेला. त्याचा उजवा हात कमरेकडे जात होता. रुमाल बाहेर येत होता. आणि धडक अजून झाली नव्हती.

चार फ्रेम. त्याने मोजल्या होत्या, एक एक पुढे सरकवून. पापणी लवेपर्यंत संपतात. दुसऱ्या कोणाला दिसायचं कारण नव्हतं. वरचे लोक पोराचं डोकं बघतात, पंचाचा हात कोण बघतो. पण पंचाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच: बघ, थांब, मग टाक. हात शिवशिवला तरी दाबून धर. तो स्वतः शिकवतो. तर मग काय म्हणायचं याला... अनुभव म्हणायचा. एकोणीस वर्षं पोरं एकमेकांवर आदळताना बघितली की कोणती धडक कशी बसणार हे आधीच कळतं. चांगला स्वयंपाकी दूध उतू जायच्या आधीच उठतो, तसं. असं रविवारी रात्री अंथरुणात त्याने स्वतःला समजावलं होतं आणि पाच मिनिटं ते पटलंही होतं. पण कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. ह्यूला पाठवायच्या अर्जात प्रश्न आहे, तुम्ही काय पाहिलं? आणि खरं सांगायचं तर धडक त्याने पाहिलीच नव्हती. त्या चार फ्रेममध्ये तो दुसरंच काहीतरी बघत होता, आणि ते काय ते त्याला रविवारपासून, नाही, शनिवारपासूनच माहीत होतं.

चाळीस वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, हीच लीग, असाच पाणचट उजेड. थोरला भाऊ लोवेल चौथ्या वर्षाला, बचावफळीतला एकदम धिप्पाड गडी. डेल्मर दुसऱ्या वर्षाला, अंगाने काडी, म्हणून कॉलेजच्या बँडमध्ये झांजा वाजवायला. लोवेलने धडक मारली, डोक्याने, तेव्हा सगळे डोक्यानेच मारायचे, कोच तसंच शिकवायचे. दोघेही पडले. लोवेल उठला. कपडे झटकले. आणि चालत चालत समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, पुढची खेळी ऐकायला. समोरची पोरं त्याच्याकडे बघायला लागली. स्टँडमध्ये कोणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. आणि मी — कोणी खूण केली नव्हती, बँडमास्तरने वळून पाहिलंसुद्धा नव्हतं — मी झांजा वाजवल्या. झण्ण. विदूषक पडला की वाजवतात तशा. स्टँड अजून हसला, मला वाटलं काय मस्त वेळ साधली, शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्याने पाठीत थाप मारली. लोवेलने मान वर करून आवाजाच्या दिशेने बघितलं होतं. मग कोचने त्याला बाजूला नेऊन नाकाशी उग्र वासाची बाटली धरली आणि दोन खेळ्यांनंतर तो पुन्हा आत होता. त्या दिवशी रुमाल पडला नाही. कसा पडणार, तेव्हा तो गुन्हाच नव्हता.

आता लोवेल बासष्टचा आहे. तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं, आणि मग एक दिवस दुकानातून घरी यायचा रस्ता त्याला सापडेना. डॉक्टर खात्रीने काही सांगत नाहीत. फक्त विचारतात, कॉलेजात खेळायचे का हो. डेल्मर पंच झाला तो काही त्यामुळे नाही, निदान तो तसं कोणाला सांगत नाही. पण मैदानात एखादा पोरगा डोकं खाली घालून सुटला की त्याचा हात रुमालाकडे जायला बघतो तो एकोणीस वर्षं बघतोय, आणि एकोणीस वर्षं त्याने तो दाबून धरला होता. शनिवारी सुटला. चाळीस वर्षांपूर्वीचा रुमाल पडला तो शनिवारी, आणि पडला कोणावर, तर डेव्हनपोर्टच्या एका बाईच्या पोरावर. सँडविच अर्धंच खाल्लं गेलं. त्याने उरलेलं कागदात गुंडाळून ठेवलं.

साडेतीनला तो लोवेलकडे पोचला. दर सोमवारी तो तिथे जातो. आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या त्या घरी सोमवारी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा असतो, आणि चिलीबरोबर दालचिनीचा रोल, शाळेत मिळायचा तसा. लोवेल रोल तिखट रश्श्यात बुडवून खातो आणि मिशीला साखर लावून घेतो.

"उशीर केलास," लोवेल म्हणाला.

"नेहमीच्याच वेळेला आलोय."

"मग मी लवकर आलो असेन."

डेल्मर त्याच्यासमोर बसला. आज आपण कोण आहोत हे त्याने विचारलं नाही. काही सोमवारी तो भाऊ असतो, काही सोमवारी दुरुस्तीवाला, आणि विचारलं की लोवेल उगाच ओशाळतो. घड्याळात चारला पंचवीस कमी. काय मनात आलं कोण जाणे, त्याने फोन काढला, फिल्म लावली आणि लोवेलच्या हातात दिली. लोवेलने अंगठा आधी कागदी नॅपकिनला पुसला, मग फोन दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ नेला. बघताना त्याचा चेहरा बदलला, म्हणजे जागेवर आला. एकदा पाहिलं. "परत," म्हणाला. दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

"कोण जिंकलं?"

"ते सोड. या एकतीस नंबरने कसं मारलं, डोक्याने की खांद्याने?"

"कसं सांगू? हा जाड्या मध्ये आलाय." लोवेलने चिडून पंधरा नंबरवर बोट आपटलं. मग बोट हळूहळू कडेला सरकलं. "पण हा घाबरलाय."

"कोण?"

"हा पट्टेवाला. बघ की. अजून काही झालेलं नाही, आणि हा किती घाबरलाय." तो स्क्रीनवर वाकला. "याला काय दिसलं असेल?"

टेबलावर साखरेचे कण पडले होते, ते डेल्मरने एका बोटाने गोळा केले.

"ओळखतोस का याला?" लोवेलने विचारलं.

"ओळखतो."

"मग सांग त्याला, काही झालेलं नाही म्हणून." त्याने फोन परत दिला आणि रोल उचलला. "आवाज नाही का रे याला? बँड ऐकू येत नाही. आमच्या वेळी बँड असायचा. माझा भाऊ होता त्यात."

"काय वाजवायचा?"

"झांजा. भिकार वाजवायचा." लोवेल हसला. चावलेला घास गिळायला त्याला जरा वेळ लागला. "एकदा मी मैदानात हरवलो होतो. खरंच सांगतो. सगळं पांढरं, कोण आपलं, कोण त्यांचं, काही कळेना, नुसता उभा. आणि मग त्याने झण्णकन वाजवलं. म्हटलं, हां, डेल तिकडे आहे. म्हणजे आपली बाजू ती." त्याने रोल बुडवला. "हुशार पोरगा. कोणाला कळलं नाही, त्याला कळलं."

डेल्मर खुर्चीच्या हाताला धरून बसला. नाही रे, मी हसत होतो, असं तोंडापर्यंत आलं होतं, चाळीस वर्षं तोंडापर्यंतच येत होतं, पण समोरचा माणूस मिशीला साखर लावून इतका समाधानाने खात होता की ते मागे गेलं. लोवेलला हे खरंच आठवत होतं, की आजाराने इथून तिथून तुकडे जोडून त्याला असं एक चांगलंसं काही करून दिलं होतं? विचारायची सोय नव्हती. याची फेरतपासणी कोणी करत नाही. त्या दिवशी लोवेलने मान वर करून आवाजाकडे पाहिलं होतं एवढं नक्की. ते डेल्मरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्या बघण्याचा अर्थ त्याने तेव्हाच, एका क्षणात, स्वतःविरुद्ध लावून टाकला होता. शंका असेल तर गुन्हा. पुस्तकात ते यायच्या कितीतरी आधी.

"रडतोयस का?" लोवेलने विचारलं.

"तिखट आहे," डेल्मर म्हणाला.

"तू खाल्लीस कुठे?"

साडेचारला तो बाहेर गाडीत येऊन बसला. ऊन उतरलं होतं, समोरच्या शेतात कापलेल्या मक्याचे खुंट ओळीने उभे होते. त्याने फोनवर अर्ज उघडला. वर खेळाडूचं नाव, नंबर, वेळ, सगळं आधीच भरलेलं, आणि खाली चौकोन: पंचाने काय पाहिलं. त्याने लिहिलं, 'क्रमांक ३१ च्या खेळाडूने हेल्मेटच्या टाळूने', आणि थांबला. चार ओळी. ह्यूला हव्यात त्या त्याला झोपेत लिहिता येतील. पुढच्या तीन शब्दांसह त्या तयारच होत्या, आणि बुधवारची यादी होती, आणि नडीनने प्लेऑफला घालायला म्हणून आणलेले, अजून डब्यातच असलेले काळे बूट होते. फक्त एक शंका हवी होती. थोडीशीच पुरली असती, पुस्तक पुढचं सगळं सांभाळून घेतं. किल्ल्या हरवल्यावर माणूस सगळे खिसे चाचपतो तसं त्याने स्वतःला चाचपलं: पोराने मारलं असेल का डोक्याने? असेलही. नसेलही. ते त्या पोराला माहीत आणि पंधरा नंबरच्या पाठीला. पण डेल्मरने काय पाहिलं, याबद्दल त्याला शंका नव्हती. कालपर्यंत होती, किंवा आहे असं म्हणता येत होतं. आता शोधूनही सापडेना, आणि ती नाही म्हटल्यावर त्याला एकदम उघड्यावर आल्यासारखं झालं, थंडीही वाजली.

त्याने लिहिलेलं सगळं खोडलं. चौकोन रिकामा झाला. पायाशी पडलेला रुमाल उचलून मांडीवर घेतला. दाणा आता पूर्ण बाहेर आला होता, हात लागताच तळव्यात पडला, आणि मागोमाग आणखी दोन. गाठ सैल पडली होती. असा रुमाल फेकला तर तो जिथे टाकायचा तिथे पडणार नाही, वारा नेईल तिकडे जाईल. शनिवारी डेव्हनपोर्टची ती बाई हातात फूल घेऊन कुठल्या बाजूला उभी असेल, मुलगा किती उंच आहे तिच्यापेक्षा, चालताना ती त्याचा हात धरते की दंड, असलं काहीबाही त्याच्या डोक्यात येत राहिलं. अंग दुखत होतं. दुखू दे. दिवसभर वाकून, गुडघ्यावर बसून रेघा वाचल्या की दुखतंच, त्यात नवल नाही.

पाचला अठरा मिनिटं कमी होती. त्याने दाणे कप ठेवायच्या खाचेत ठेवले, आरशात एकदा पाहिलं, आणि चौकोनात पहिला शब्द लिहिला: मी.